र. कृ. जोशी यांचे अक्षरकार्य : संगणकीय आरेखन आणि देवनागरी लिपी – एक चिकित्सक अभ्यास

१. प्रस्तावना

संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मराठी मजकूर वाचणाऱ्या व्यक्तीच्या मनात 'ही अक्षरे कोणी घडवली?' हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पुस्तकावर लेखकाचे नाव असते. आतील पानावर प्रकाशक, मुद्रक आणि मुखपृष्ठकार यांची नोंद असते. अक्षरांना आकार देणाऱ्याची नोंद मात्र क्वचितच आढळते. या अनामिकतेमुळे मराठीच्या अलीकडच्या इतिहासातील एक महत्त्वाचे संशोधनकार्य अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिले आहे. ते कार्य म्हणजे रघुनाथ कृष्ण तथा र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी कागदावर आणि पुढे संगणकाच्या पडद्यावर भारतीय लिपींसाठी केलेले कार्य होय.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना जोशी हे साठोत्तरी काळातील एक प्रयोगशील कवी म्हणून परिचित आहेत. उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना ते सुलेखनकार व अध्यापक म्हणून ठाऊक असतात. संगणकाच्या क्षेत्रात त्यांचे नाव 'मंगल' या फॉन्टच्या संदर्भात घेतले जाते. या तीन ओळखी एकमेकींना फारशा भेटत नाहीत. मराठी विभागात त्यांच्या फॉन्टची चर्चा होत नाही आणि संगणकशास्त्र विभागात त्यांच्या कवितेची. विद्याशाखांच्या भिंतींमुळे एकाच व्यक्तीचे कार्य तीन तुकड्यांत वाटले गेल्याचे हे उदाहरण आहे.

प्रस्तुत लेखात या तिन्ही अंगांचा एकत्रित विचार केला आहे. अक्षर हे ध्वनीचे निव्वळ चिन्ह आहे की त्याला स्वतःचे शरीर, वजन व चाल आहे, या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा जोशी यांनी आयुष्यभर निरनिराळ्या माध्यमांतून केला, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्याचबरोबर या कार्याच्या मर्यादांचाही विचार केला आहे. गौरवपर लेखनात मर्यादांना सहसा जागा मिळत नाही. परंतु पडद्यावरील मराठीचे आजचे रूप समजून घेण्यासाठी त्या मर्यादाच अधिक बोधप्रद ठरतात.

२. पूर्वपीठिका : सहाशे साच्यांचा प्रश्न

जोशी यांच्यापुढील प्रश्न नवा नव्हता. वसई परिसरातील वाचकांना सुपरिचित असलेल्या 'ख्रिस्तपुराणा'चा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे हे मराठी महाकाव्य १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. स्टीफन्स यांना देशी लिपीत ग्रंथ छापण्याची इच्छा नव्हती असे नाही. ५ डिसेंबर १६०८ रोजी आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती इच्छा व्यक्त केली होती आणि अडचणही सांगितली होती. युरोपीय वर्णमालेसाठी चोवीस अक्षरे पुरतात. येथील लेखनाचा घटक मात्र अक्षरसमूहाचा असल्याने सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील आणि ते अशक्यप्राय वाटते, असा त्या पत्राचा आशय होता.

सहाशे साच्यांचा हा हिशेब पुढील चार शतके देवनागरी मुद्रणाचा पाठलाग करीत राहिला. १८०५ मध्ये विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांत छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापाचा मार्ग स्वीकारला. शिळाछापात लेखनिकाचे हस्ताक्षरच दगडावर उतरत असल्याने साच्यांचा प्रश्नच उरत नव्हता. १८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना असा डौल दिला की त्या वळणाचा आदर्श पुढील अनेक पिढ्यांनी मानला. परंतु जुळाऱ्याच्या केसमधील घरांची संख्या काही कमी झाली नाही. विसाव्या शतकात यांत्रिक जुळणी आली तेव्हा यंत्राच्या सोयीसाठी लिपीच सुधारावी, जोडाक्षरे मोडावीत, वेलांट्या बदलाव्यात, अशा सूचना पुढे आल्या. यंत्राने लिपीशी जुळवून घ्यावे की लिपीने यंत्राशी, हा वाद संगणकयुगाच्या उंबरठ्यावरही मिटलेला नव्हता. जोशी यांच्या कार्याचे महत्त्व या वादाच्या पार्श्वभूमीवरच लक्षात येते.

३. जाहिरात, कविता आणि अक्षर

जोशी यांचे शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. संस्थेच्या उपयोजित कला परंपरेत झाले आणि त्यांच्या व्यावसायिक जीवनाचा मोठा काळ जाहिरातक्षेत्रात, मुख्यतः 'उल्का' या संस्थेत गेला. त्या काळातील मुंबईच्या जाहिरातविश्वाचा मराठी कवितेशी असलेला संबंध हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. अरुण कोलटकर हेदेखील जे. जे. मध्ये शिकलेले आणि जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून नावाजलेले कवी होते. शब्दाच्या अर्थाइतकेच त्याच्या दृश्य रूपाकडे पाहण्याची सवय या व्यवसायातून लागत असणार, हे उघड आहे.

साठोत्तरी लघुअनियतकालिकांच्या चळवळीत प्रस्थापित वाङ्मयीन नियतकालिकांच्या अभिरुचीला आव्हान दिले गेले. या आव्हानाचा आशयाच्या अंगाने पुष्कळ अभ्यास झाला आहे. पण त्याला एक मुद्रणीय अंगही होते. पानाची मांडणी, अक्षरांचा आकार, मोकळी सोडलेली जागा ही सर्व बंडखोरीची साधने झाली. जोशी यांची आकारकविता याच वातावरणात घडली. १९५० नंतरच्या दशकात युरोपात ऑयगेन गोमरिंगर आणि ब्राझीलमध्ये 'नोइगांद्रेस' गट यांनी ज्या प्रकारच्या कवितेचा पुरस्कार केला, तिच्याशी जोशी यांच्या प्रयोगांचे नाते सांगता येते. परंतु त्याला केवळ अनुकरण म्हणणे योग्य होणार नाही. संस्कृत चित्रकाव्यातील पद्मबंध, खड्गबंध यांची परंपरा येथे होतीच. शिवाय देवनागरी अक्षराची घडण रोमन अक्षरापेक्षा मुळातच वेगळी आहे. रोमन शब्दात अक्षरे शेजारी-शेजारी उभी राहतात. देवनागरीत ती शिरोरेषेला टांगलेली असतात; त्यांच्या डोक्यावर मात्रा, पायाशी उकार आणि दोन्ही बाजूंना वेलांट्या येतात. अशा लिपीत कवितेला आकार देताना कवीला अक्षराच्या शरीररचनेचा विचार करावाच लागतो.

याच काळातील त्यांचा दुसरा उपक्रम म्हणजे 'देशनागरी'. सर्व भारतीय भाषांसाठी एक समान लिपी असावी, या विचारातून त्यांनी ही लिपी रचली. राष्ट्रीय एकात्मतेच्या स्वप्नाशी जोडलेला हा प्रकल्प व्यवहारात रुजला नाही. लिपी ही समाजाच्या स्मृतीशी बांधलेली असते. ती अभिकल्पकाच्या आराखड्यानुसार बदलत नाही, हा त्यातून मिळणारा बोध होय. जोशी यांच्या पुढील कार्याकडे पाहिले असता तो बोध त्यांनीही स्वीकारला असावा, असे म्हणण्यास आधार मिळतो. कारण सर्व भाषांसाठी एक लिपी सुचविणाऱ्या या अभिकल्पकानेच उत्तरायुष्यात प्रत्येक भारतीय लिपीसाठी तिच्या स्वतंत्र प्रकृतीला अनुसरून अक्षरसंच घडविण्याचे काम केले. एकलिपीकडून बहुलिपीकडे झालेला हा प्रवास त्यांच्या कारकिर्दीचा कणा मानता येईल.

४. पवई आणि जुहू : संशोधनाचा संस्थात्मक आधार

१९८३ मध्ये जोशी पवई येथील आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाईन सेंटरमध्ये अध्यापक म्हणून रुजू झाले. तेथे त्यांनी १९९६ पर्यंत अध्यापन केले. त्यानंतर जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजेच एनसीएसटी, हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख केंद्र राहिले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणक केंद्रातून विकसित होऊन १९८५ मध्ये स्वतंत्र झालेली ही संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली.

एनसीएसटीतील संगणकीय आरेखनाचा, म्हणजेच कॉम्प्युटर ग्राफिक्सचा, गट त्या काळी देशातील अग्रगण्य गटांपैकी एक होता. एस. पी. मुदूर आणि पी. ए. कोपरकर यांचा भौमितिक आकारांच्या प्रक्रियेसाठी अंतराल-गणिताचा वापर करणारा निबंध १९८४ मध्येच या विषयाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. पीयूष घोष यांनी भारतीय लिपींतील अक्षररचना व मजकूरजुळणी यांवर लिहिलेला अहवाल १९८३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने प्रकाशित केला होता. स्टॅनफर्ड येथे डोनाल्ड क्नूथ यांनी 'मेटाफॉन्ट' ही अक्षररचनेची संगणकभाषा विकसित केली होती, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

क्नूथ यांची भूमिका अशी होती की अक्षराच्या आकारामागील नियम गणिती परिमाणांत मांडता आले तर एकाच आराखड्यातून असंख्य फॉन्ट निर्माण करता येतील. १९८२ मध्ये त्यांनी ही भूमिका मांडताच डग्लस हॉफस्टॅटर यांनी तिला आक्षेप घेतला. 'अ' या अक्षराचे सर्व संभाव्य आकार मोजक्या परिमाणांत कधीच बांधता येणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. हा वाद रोमन लिपीपुरता चालला असला तरी देवनागरीसाठी तो अधिक तीव्र होता. बोरूचा काप, हाताचा दाब, वळणाचा वेग यांतून देवनागरी अक्षराची जाडी-बारीकी ठरते आणि हा काप रोमन लेखणीच्या कापाच्या उलट दिशेचा असतो. रोमनसाठी तयार केलेली परिमाणे जशीच्या तशी उचलली तर अक्षर ओळखू येते. पण ते परके वाटते.

बोरू हाती धरणारा सुलेखनकार आणि वक्ररेषांची समीकरणे मांडणारा गणिती यांची एनसीएसटीत भेट झाली, हे या संस्थेचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. अक्षररचनेसाठी तेथे विकसित झालेली 'विन्यास' ही संगणकीय प्रणाली या भेटीचे फलित होते. जोशी यांनी अभियंत्यांना अक्षराचे शरीरशास्त्र शिकविले आणि अभियंत्यांनी त्यांच्या हाताला नवे माध्यम दिले. हे सहकार्य एकतर्फी नव्हते, म्हणूनच ते फलदायी ठरले.

५. आकारनिश्चितीचा प्रश्न

१९९९ मध्ये 'कॉम्प्युटर्स अँड ग्राफिक्स' या नियतकालिकात मुदूर, नायक, शानभाग आणि जोशी यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. भारतीय लिपींतील मजकुराला पडद्यावर योग्य आकार देण्याची संगणकीय रचना कशी असावी, हा त्याचा विषय होता. एका मराठी कवीचे नाव संगणकीय आरेखनाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात सहलेखक म्हणून येणे ही घटना मराठी वाङ्मयविश्वात जवळजवळ दुर्लक्षित राहिली.

या विषयाचे स्वरूप काही मराठी उदाहरणांनी स्पष्ट करता येईल. 'किती' हा शब्द उच्चारताना प्रथम 'क्' येतो आणि नंतर 'इ'. संगणकाच्या स्मृतीतही तो त्याच क्रमाने साठवला जातो. परंतु दाखविताना पहिली वेलांटी 'क'च्या आधी काढावी लागते. 'मूर्ती' या शब्दात 'र्' हा 'त'च्या आधी उच्चारला जातो. लिहिताना मात्र रफार पुढे सरकून 'ती'च्या माथ्यावर बसतो. एकट्या 'र'चीच चार रूपे होतात : 'कर्म'मधील रफार, 'क्रम'मधील तिरपी रेघ, 'राष्ट्र'मधील खालचे काकपद आणि 'तऱ्हा'मधील आडवा अर्धा र. यांपैकी शेवटचे रूप हे मराठीचे वैशिष्ट्य असून त्यावर अर्थही अवलंबून असतो. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. यंत्राला हा भेद दाखविता आला नाही तर ती केवळ सौंदर्याची उणीव राहत नाही, भाषेचीच हानी होते.

याचा अर्थ असा की साठविलेला वर्णक्रम आणि दिसणारा आकार यांच्यामध्ये एक नियमव्यवस्था हवी. शिळाछापाच्या काळात ही व्यवस्था लेखनिकाच्या हातात होती, खिळ्यांच्या काळात जुळाऱ्याच्या अनुभवात. संगणकात ती नियमांच्या रूपाने लिहून काढावी लागते. स्टीफन्स यांच्या सहाशे साच्यांचे उत्तर अखेर येथे सापडले. वर्णांचे संकेत मोजके ठेवावेत, आकार हवे तितके असावेत आणि दोहोंना नियमांनी जोडावे. यंत्रासाठी लिपी मोडण्याची गरज त्यामुळे संपली. लिपीसुधारणेच्या चळवळीने अनेक दशके जो प्रश्न लिपीचा दोष मानला, तो वस्तुतः यंत्राच्या अपुरेपणाचा प्रश्न होता, हे या संशोधनाने दाखवून दिले.

६. 'मंगल' : उपलब्धी आणि मर्यादा

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० या कार्यप्रणालीबरोबर देवनागरीसाठी 'मंगल' आणि तमिळसाठी 'लता' हे फॉन्ट आले. त्यानंतरच्या एक्सपी आवृत्तीत व तिच्या सुधारणांत गुजरातीसाठी 'श्रुती', गुरुमुखीसाठी 'रावी', तेलुगूसाठी 'गौतमी', कन्नडसाठी 'तुंगा', बंगालीसाठी 'वृंदा' आणि मल्याळमसाठी 'कार्तिका' यांची भर पडली. या मालिकेमागे जोशी यांचे मार्गदर्शन होते. फॉन्टनिर्मिती हे सांघिक काम असते. त्यामुळे तरुण अभिकल्पक व आज्ञावलीकार यांचाही त्यात वाटा आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

'मंगल'चे मूल्यमापन करताना त्या काळातील पडद्याची स्थिती विचारात घ्यावी लागते. त्या वेळच्या नेहमीच्या पडद्यावर १२ पॉइंटचे अक्षर सुमारे १६ बिंदूंच्या उंचीत बसवावे लागे. या १६ ओळींत वरची मात्रा किंवा रफार, शिरोरेषा, अक्षराचा मुख्य भाग, खालचा उकार आणि 'द्ध'सारखे एकाखाली एक रचलेले जोडाक्षर या सर्वांची सोय लावायची होती. शिरोरेषा दोन बिंदूंच्या मध्ये पडली तर संपूर्ण ओळ धूसर दिसे. अशा अवस्थेत बोरूची जाडी-बारीकी दाखविण्यास वावच नव्हता. 'मंगल'मधील रेषांची जवळजवळ समान जाडी, मोकळी पोटे आणि साधी वळणे ही या मर्यादेतून आलेली आहेत. सुलेखनाचा ध्यास घेतलेल्या कलावंताने सुलेखनाची खूणही न ठेवता केवळ वाचनीयतेला प्राधान्य दिले, यातील संयम दुर्लक्षिण्यासारखा नाही.

परंतु या फॉन्टवरील आक्षेपही गंभीर आहेत. पहिला आक्षेप मराठी वळणाचा आहे. 'ल' आणि 'श' या अक्षरांची मराठी वळणे हिंदी वळणांहून भिन्न आहेत. केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या मानक देवनागरीत 'अ' आणि 'झ' यांची मुंबई वळणे स्वीकारली गेली. पण 'ल' आणि 'श' यांची उत्तरेकडील वळणे राहिली. 'मंगल'मध्येही हीच रूपे आहेत. परिणामी ज्या मराठी मुलांनी पाटीवर एक 'ल' गिरवला त्यांना पडद्यावर दुसराच 'ल' दिसू लागला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना मराठी वळणांचा आग्रह धरला. पण तोवर एक पिढी पडद्यावरील वळणाला सरावली होती. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना एकच संकेत असल्याने निवड फॉन्टवर सोपवली जाते आणि जगभर आपोआप बसविल्या जाणाऱ्या फॉन्टमधील निवड हीच प्रमाण ठरते. मराठी कवीच्या देखरेखीखाली घडलेल्या अक्षरसंचात मराठी वळण मागे पडावे, हा या इतिहासातील विरोधाभास होय.

दुसरा आक्षेप वापरासंबंधी असून त्याची जबाबदारी अभिकल्पकाची नाही. पडद्यासाठी घडविलेला हा फॉन्ट शासकीय परिपत्रके, प्रश्नपत्रिका व पुस्तके यांच्या छपाईसाठी सर्रास वापरला गेला. दोन ओळींतील मोठे अंतर आणि रेषांचा एकसुरीपणा यांमुळे छापील पान कोरडे दिसते. माध्यम ओळखून अक्षर निवडण्याची दृष्टी आपल्या कार्यालयांत व शिक्षणसंस्थांत रुजली नाही, याचेच हे निदर्शक आहे.

तिसरा मुद्दा मालकीचा आहे. 'मंगल'चे हक्क कंपनीकडे आहेत. जोशी यांचेच 'रघू' या नावाने ओळखले जाणारे फॉन्ट मात्र एनसीएसटीच्या वतीने मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले. एकाच हाताने घडविलेल्या अक्षरांपैकी बंदिस्त अक्षरे घरोघरी पोहोचली आणि मुक्त अक्षरे प्रामुख्याने लिनक्स वापरणाऱ्यांपुरती मर्यादित राहिली. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संस्थांनी लिपीसारख्या सामाईक ठेव्याचे वितरण कसे करावे, हा प्रश्न त्यातून उपस्थित होतो. पुढे राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' हा फॉन्ट सर्वांसाठी उपलब्ध करून दिला, तो याच प्रश्नाला दिलेला एक प्रतिसाद मानता येईल. विंडोज ८ पासून (२०१२) 'निर्मला यूआय' या फॉन्टने 'मंगल'ची प्रमुख जागा घेतली आणि विंडोज १० मध्ये तो ऐच्छिक संचात गेला. तरीही एक दशकाहून अधिक काळ संगणकावरील मराठीचा चेहरा 'मंगल' हाच होता.

७. ध्वनीकडे पुन्हा एकदा

मार्च २००३ मध्ये प्राग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय युनिकोड परिषदेत जोशी, केयूर श्रॉफ आणि मुदूर यांनी भारतीय भाषांच्या संगणकीय प्रक्रियेसाठी वर्णध्वनींवर आधारलेल्या संकेतपद्धतीची मांडणी केली. युनिकोडमधील देवनागरी ही १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या आधारे बेतलेली आहे. तीत 'क' म्हणजे 'अ'कारासह 'क'. 'क्' हवा असेल तर हलन्ताचे चिन्ह जोडावे लागते. मराठी व्याकरणात याच्या उलट 'क्' हे मूळ व्यंजन असून 'क्' आणि 'अ' मिळून 'क' होतो. शोध, अनुक्रम व संधिविचार यांसाठी व्याकरणाची ही मांडणी अधिक नैसर्गिक आहे, हे मान्य करावे लागेल.

ही पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली गेली नाही. जगभर एक संकेतप्रणाली स्थिरावल्यानंतर तिचा पाया बदलणे कोणालाच परवडणारे नव्हते. तरीही ही मांडणी केवळ अयशस्वी प्रयत्न म्हणून सोडून देता येणार नाही. आयुष्यभर अक्षराच्या आकाराचा विचार करणारा संशोधक अखेरीस अक्षराच्या ध्वनीकडे वळला आणि आकार व ध्वनी यांना स्वतंत्र ठेवल्यानेच दोहोंना न्याय मिळतो, अशा निष्कर्षापाशी पोहोचला. वैदिक संस्कृतासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले कार्यही याच दिशेचे होते. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांची शाखानिहाय चिन्हे संगणकात आणणे म्हणजे उच्चारपरंपरेलाच लेखनरूप देणे होय. ऑक्टोबर २००९ मध्ये युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत वैदिक विस्ताराचा समावेश झाला, तेव्हा जोशी हयात नव्हते. फेब्रुवारी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले होते. मराठी लेखनाला आवश्यक असलेला 'ॲ' हा स्वरही त्यांच्या निधनानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल २००८ मधील ५.१ आवृत्तीत स्वतंत्र संकेत म्हणून आला.

८. वसई-विरार परिसराच्या संदर्भात

हा विषय महानगरातील प्रयोगशाळांपुरता मर्यादित नाही. वसई-विरार परिसरात प्रमाण मराठीबरोबरच सामवेदी अर्थात कादोडी, वाडवळी अशा बोली नांदतात. या बोलींना दीर्घकाळ मुद्रित रूप फारसे लाभले नाही. आज या बोलींतील संदेश, गीते व आठवणी भ्रमणध्वनीवर देवनागरीत लिहिल्या जातात. छापखाना, जुळारी, प्रूफवाचक यांच्या साखळीतून न जाता बोली थेट अक्षररूप घेते, हा बदल लहान नाही. बोलीतील स्वरांचे बारकावे दाखविण्यास प्रचलित चिन्हे पुरेशी आहेत काय, हा प्रश्न मात्र अभ्यासकांनी हाती घेतला पाहिजे. वैदिक स्वरांसाठी जो काटेकोरपणा दाखविला गेला, तो जिवंत बोलींच्या स्वरांच्या वाट्यालाही यावयास हवा.

याच्याशी निगडित दुसरा प्रश्न दस्तऐवजांचा आहे. युनिकोडपूर्व काळात प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरची संकेतव्यवस्था वेगळी होती. त्या काळात संगणकावर जुळविलेल्या स्मरणिका, महाविद्यालयीन वार्षिकांक, पतपेढ्यांचे अहवाल, स्थानिक नियतकालिके यांच्या संचिका आज उघडल्या तर मूळ फॉन्टअभावी निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते. शंभर वर्षांपूर्वीचा छापील कागद वाचता येतो आणि पंचवीस वर्षांपूर्वीची संगणकीय संचिका वाचता येत नाही. ग्रंथालये व मराठी विभाग यांनी अशा संचिकांचे रूपांतर करण्याचे काम हाती न घेतल्यास या परिसराच्या लेखी स्मृतीतील एक कालखंड कायमचा पुसला जाण्याचा धोका आहे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. भाषा व संगणक या दोन विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसण्याची आवश्यकता आहे.

९. निष्कर्ष

(१) र. कृ. जोशी यांची कविता, सुलेखन आणि संगणकीय संशोधन ही एकाच शोधाची तीन अंगे आहेत. त्यांचा सुटा सुटा विचार केल्यास प्रत्येक अंग अपुरे वाटते.

(२) 'देशनागरी'पासून भारतीय लिपींच्या स्वतंत्र अक्षरसंचांपर्यंतचा त्यांचा प्रवास हा एकरूपतेच्या आग्रहाकडून वैविध्याच्या स्वीकाराकडे झालेला प्रवास आहे.

(३) यंत्रासाठी लिपी बदलण्याऐवजी लिपीसाठी यंत्राला नियम शिकविता येतात, हे सिद्ध करण्यात एनसीएसटीतील संशोधनाचा मोलाचा वाटा आहे.

(४) 'मंगल'ने मराठीला पडद्यावर हक्काची जागा मिळवून दिली. परंतु 'ल' व 'श' यांच्या वळणांबाबत मराठीचे वेगळेपण तेथे राखले गेले नाही. सार्वत्रिक प्रसार आणि स्थानिक ओळख यांतील हा ताण आजही संपलेला नाही.

(५) फॉन्ट, संकेतप्रणाली आणि अक्षररचना यांना संशोधन म्हणून मान्यता देण्याची दृष्टी भाषा विभागांत विकसित होणे आवश्यक आहे. शोधनिबंधांची संख्या मोजणाऱ्या व्यवस्थेत कोट्यवधी लोक रोज वाचतात त्या अक्षराची गणना कोणत्या रकान्यात करावयाची, याचे उत्तर अद्याप कोणत्याही नमुन्यात नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्या निमित्ताने प्राचीन शिलालेख, ताम्रपट आणि पोथ्या यांचे स्मरण झाले, ते उचितच होते. परंतु दगडावर अक्षर कोरणाऱ्या अनाम हातांचे ऋण मान्य करताना पडद्यावर अक्षर कोरणाऱ्या हातांचीही नोंद व्हावयास हवी. विशेषतः त्या हातांपैकी एकाचे नाव ज्ञात असताना ते अनाम राहू देणे हे अभ्यासकांच्या कर्तव्यात बसत नाही.